दिवा कुणाला विचारून लागतो?

“किती वेळात?” भंते खेमबोधींनी विचारलं.

“चार मायक्रोसेकंदांत,” रेवती म्हणाली.

“आणि आधी?”

“चाळीस लागायचे. जगात आज सगळ्यांत कमी नऊ आहेत. आपले चार.”

भंते ऐकत होते.

“चार मायक्रोसेकंद म्हणजे, भंते, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात हे पंचवीस हजार वेळा...”

“ठाऊक आहे,” भंते म्हणाले. “शिकवायचो मी ते.”

रेवती ओशाळून हसली. खरंच की. चीवर अंगावर घेण्याआधी हेच गृहस्थ नांदेडच्या कॉलेजात हत्तीअंबीरे सर होते आणि रेवती नरवाडेला आयुष्यात पहिल्यांदा ऑसिलोस्कोपसमोर बसवलं होतं ते त्यांनीच. निवृत्त झाले, वर्षभर कुठे दिसले नाहीत, आणि मग कळलं की सर भिक्खू झाले. आता हिंगोली जिल्ह्यातल्या सावरखेड्याच्या माळावर, गावाने बांधलेल्या साध्या विहारात राहत होते. पत्र्याची पडवी, आत बुद्धमूर्ती, बाहेर एक माठ.

रेवती पुण्याच्या एका कंपनीत चिप डिझाइन करत होती. मावसबहिणीच्या लग्नासाठी वसमतला आली होती. लग्न उरकलं, तशी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढून ती इकडे आली. घरी सांगितलं, सरांच्या पाया पडून येते.

पण पाया पडायला ती आली नव्हती. चार वर्षांच्या कॉलेजात सर तिला एकदाही ‘वा’ म्हणाले नव्हते. दुसऱ्या कुणालाही म्हणाले नव्हते, ही गोष्ट वेगळी. तो ‘वा’ घ्यायला ती आली होती.

आणि दाखवायला तिच्याजवळ चांगलंच काही होतं.

प्रत्येक चिपच्या पोटात ठोके देणारा एक भाग असतो. बाकीची सगळी चिप त्या ठोक्यांवर चालते. चिप झोपली की ठोके बंद होतात. जागी झाली की ते पुन्हा सुरू होतात, पण सुरुवातीला वेडेवाकडे पडतात. ते एका लयीत येईपर्यंत चिप नुसती वाट बघत बसते आणि बसल्या बसल्या बॅटरी खाते. लय बसली की त्याला म्हणायचं, लॉक झालं.

ही वाट बघण्याची वेळ कमी करायची, एवढंच रेवतीचं काम. त्यात तिची तीन वर्षं गेली होती.

“आणि हे बसणार कशात?” भंतेंनी विचारलं.

रेवतीने पिशवीतून एक चकती काढली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बंद केलेली. भिक्खूंच्या हातात बाईने काही द्यायचं नसतं, म्हणून तिने ती सतरंजीवर ठेवली. भंतेंनी उचलून घेतली.

“लसीच्या डब्यात,” ती म्हणाली. “पोलिओच्या, गोवरच्या. डबा कोल्ड स्टोअरमधून निघतो, जीपने जातो, मोटारसायकलवर जातो. वाटेत तापला तर लस वाया, आणि कुणाला कळतही नाही. ही चकती आत ठेवायची. सेकंदाला दहा वेळा जागी होते. डब्यात किती गारवा आहे ते मोजते, जवळ कुणाचा फोन विचारतोय का बघते, की पुन्हा झोपते.”

“दिवसाला आठ-साडेआठ लाख वेळा.”

“आठ लाख चौसष्ट हजार.” तिने आकडा पुरा केला. “म्हणून तर एकेक मायक्रोसेकंद मोलाचा. एवढीशी बॅटरी, पण तीन वर्षं जाईल. बुधवारी अंतिम डिझाइन कारखान्यात जातंय, भंते. परदेशातल्या परिषदेत पेपरही स्वीकारलाय. शीर्षकातच आहे, चार मायक्रोसेकंद.”

भंते चकती उलटसुलट करून बघत होते.

“दाखव,” ते म्हणाले.

रेवतीला हेच हवं होतं. तिने लॅपटॉप उघडला. विजेचे ठोके पडद्यावर रेघांनी दाखवणारा पुस्तकाएवढा छोटा ऑसिलोस्कोप आणला होता, तो सतरंजीवर मांडला. चकतीतून केसासारख्या दोन तारा काढून जोडल्या. चकतीवर टाचणीच्या डोक्याएवढा एक हिरवा दिवाही होता. खऱ्या चकतीत तो नसणार, हा फक्त दाखवण्यापुरता.

तिने बटण दाबलं. पडद्यावर पिवळी रेघ उसळली, थोडी थरथरली, आणि चौथ्या मायक्रोसेकंदाला शेजारची निळी रेघ ताडकन वर गेली. दिवा लागला.

“पुन्हा,” भंते म्हणाले.

तिने पुन्हा केलं. चौथ्या मायक्रोसेकंदाला दिवा.

“पुन्हा.”

पुन्हा तसंच. रेवती आता पडद्याकडे न बघता सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“हा दिवा कसला?”

“लॉक झाल्याचा. हिरवा लागला की समजायचं, ठोके लयीत आले.”

“तो कुणाला विचारून लागतो?”

“म्हणजे?”

“दिवा. कुणाला विचारून लागतो?”

रेवतीला हसू आलं. मग तिने प्रश्न गंभीरपणे घेतला, कारण सर विनोद करत असतील असं वाटेना.

“मी तुम्हाला युक्तीच सांगते, भंते. चिप पहिल्यांदा सुरू होते तेव्हा एकदा सावकाश, नीट मोजून घेते. किती जोर लावला की ठोके बरोबर पडतात, ते बघते. जे उत्तर मिळतं ते जपून ठेवते. मग दर वेळी जागी झाली की शोधत बसत नाही. जपलेलं उत्तर उचलते आणि थेट त्यावर उभी राहते. म्हणून चार.”

“हुशारी आहे.”

हा ‘वा’ नव्हता, पण त्याच्या शेजारच्या घरातलाच होता. रेवतीचे कान गरम झाले.

“आणि दिवा?” भंतेंनी विचारलं.

“चार मायक्रोसेकंदांत ठोके बसतात. म्हणून तेवढा वेळ झाला की लागतो.”

“बसले की लागतो?”

“हो. म्हणजे... तोवर बसलेले असतात.”

“बघतं कोण?”



“बघायला वेळ लागतो, भंते,” ती म्हणाली. “ते बघणं काढून टाकलं, म्हणूनच तर चारवर आलो.”

“बरं,” भंते म्हणाले.

पडवीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. माळावर वाऱ्याचं नाव नव्हतं. एप्रिलचा दुसरा आठवडा, आणि सकाळचे दहा वाजायच्या आतच बेचाळीस डिग्री होतील असं वाटत होतं.

भंते उठले. चकती त्यांनी तारांसकट माठाच्या ओल्या पोटाला टेकवून धरली. बराच वेळ.

“आता बंद करून सुरू कर,” ते म्हणाले.

रेवतीने केलं. लॅपटॉपवर आकडा आला: सव्वीस. माठाजवळ तेवढंच असणार. हिरवा दिवा लागलेला.

मग भंते परत येऊन बसले. चकती उजव्या मुठीत घेतली, मूठ मिटली, मांडीवर ठेवली. आणि डोळे मिटून घेतले.

रेवतीला कळेना की हे ध्यान आहे की चाचणी.

ती लॅपटॉपकडे बघत राहिली.

सव्वीस.

सव्वीस.

दोन मिनिटं गेली. भंतेंच्या कपाळावर घाम होता. बोटांच्या फटीतून हिरवा उजेड दिसत होता, स्थिर, जराही न लुकलुकणारा.

सव्वीस... सत्तावीस... सव्वीस.

भंतेंनी डोळे उघडले. “किती?”

“सव्वीस,” रेवती म्हणाली.

“या उन्हाळ्यात मेलेल्या माणसाचा हातही इतका गार नसतो,” भंते म्हणाले, आणि त्यांनी चकती सतरंजीवर ठेवली.



रेवतीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. चिप तापली की तिचे ठोके सरकतात. जपलेलं उत्तर माठाच्या गारव्यात घेतलेलं होतं, हाताच्या उबेत ते शिळं झालं. आणि त्या सरकलेल्या ठोक्यांनीच चिप गारवा मोजत होती. कापड मोजायची पट्टीच कापडाबरोबर ताणली गेली, तर कापड तेवढंच भरणार. डबा थंड आहे तोवर चकती अगदी बरोबर सांगणार, थंड आहे. आणि डबा तापला तरीही तेच सांगणार. दिवा हिरवा.

“पण आम्ही गार-गरम करायच्या भट्टीत ठेवून तपासलंय,” ती म्हणाली. “पाचपासून पंचेचाळीसपर्यंत. प्रत्येक ठिकाणी बरोबर आलं होतं.”

“प्रत्येक ठिकाणी बंद करून सुरू केलं होतं?”

“...हो.”

म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवं उत्तर. ताजं.

“आणि दर सहा तासांनी ती स्वतःहून पुन्हा मोजून घेते,” रेवती घाईने म्हणाली.

भंतेंनी माळाखालच्या रस्त्याकडे पाहिलं. डांबरावर ऊन पाण्यासारखं हलत होतं. एक मोटारसायकल चढ चढून येत होती, मागच्या बाईच्या मांडीवर निळा डबा होता.

“सहा तास,” भंते म्हणाले. एवढंच.

रेवतीला शिवलकर आठवले.

शिवलकर तिच्या कंपनीत टेस्टिंगला होते. पन्नाशीचा माणूस, शिक्षण डिप्लोमापर्यंत, सगळं वहीत लिहून ठेवायची सवय. महिन्यापूर्वी मीटिंगमध्ये त्यांनी हात वर केला होता. “मॅडम, चालू ठेवूनच तापवलं तर काय होतं ते एकदा बघू का?” रेवतीने घड्याळाकडे बघत सांगितलं होतं, “ते आपल्या अटींत नाही.” दोघं-तिघं हसले होते. शिवलकरांनी हात खाली घेतला होता आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं.

मोटारसायकल विहारासमोर थांबली.

“वंदामि, भंतेजी,” डबा घेऊन उतरलेली बाई म्हणाली. कावेरी सोनकांबळे, उपकेंद्राच्या सिस्टर. आज विहाराच्या सभागृहात लसीकरण होतं. गावात पंख्याची एवढी मोठी जागा दुसरी नव्हती. आशाताई आधीच घराघरांत जाऊन बायकांना बोलावून आली होती. हळूहळू लेकरं कडेवर घेऊन बायका जमू लागल्या.

रेवतीने आपला पसारा आवरून कोपऱ्यात नेला. तिला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. निघून जावं, असंही वाटत नव्हतं. बुधवार चार दिवसांवर होता.

ती भिंतीला टेकून बसली आणि सिस्टरांकडे बघत राहिली.

सिस्टर डबा उघडायच्या, आतली कुपी काढायच्या, झाकण लगेच लावायच्या. कुपी डोळ्यांजवळ नेऊन क्षणभर बघायच्या. मग टोचायच्या. प्रत्येक कुपीला तेच.

“काय बघता?” रेवतीने अखेर विचारलं.

“हा चौकोन.” सिस्टरांनी कुपी दाखवली. चिठ्ठीवर जांभळट गोल, आत पांढरा चौकोन. “लस तापली की चौकोन काळा पडत जातो. गोलाइतका काळा झाला की फेकायची.”

“मग डब्यात मोजायला आणखी काही ठेवायचं ते कशाला?”

“चौकोन मला इथं आल्यावर सांगतो. तोवर लस गेलेली असते. कुठं गेली, कुणाच्या हातात गेली, ते कोण सांगणार?” सिस्टर म्हणाल्या. “मागच्या वर्षी पंचेचाळीस डोस फेकले मी. वाटेत कुठंतरी तापले. बायका उन्हातून आलेल्या, परत पाठवल्या. दोघी पुन्हा आल्याच नाहीत.”

त्या पुढच्या लेकराकडे वळल्या.

दंडाला सुई टोचताच लेकराने छत डोक्यावर घेतलं. त्याची आई, अठरा-एकोणीसची असेल, त्याला छातीशी धरून उठली आणि दाराकडे निघाली.

“बसायचं,” सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

“झालं की, सिस्टर. कामून बसवून ठेवायलेत? घरी भाकरी राहिल्यात.”

“अर्धा तास बसायचं.”

“टोचून तर झालं ना?”

“माझं टोचून झालं,” सिस्टर म्हणाल्या. “लेकराचं काय झालं ते बघायचंय अजून. ते बघते, मग कार्डावर सही करते. तोवर बस तिथं पंख्याखाली, आणि पाज त्याला.”

ती पोरगी कुरकुरत पंख्याखाली बसली. सिस्टर पुढच्या लेकराला टोचत होत्या. मधूनच मान वळवून पंख्याखाली नजर टाकत होत्या. हात थांबत नव्हता, रांग थांबत नव्हती.

रेवती बघत राहिली.

मग तिने पिशवीतून वही काढली.

चिप जागी होते. जपलेलं उत्तर घेऊन चार मायक्रोसेकंदांत उभी राहते. इथवर काही चुकीचं नाही. ती कामाला लागते. गारवा मोजते, फोन बघते. या कामाला शंभरेक मायक्रोसेकंद लागतातच. चकतीतलं ते छोटं, संथ क्वार्ट्झचं स्फटिक तर कधीच झोपत नाही, झोपेतसुद्धा वेळ तेच राखतं. त्याचा एक ठोका पडायला तीसेक मायक्रोसेकंद लागतात. काम चालू असतानाच आपले ठोके त्याच्या एका ठोक्याशी ताडून बघायचे. जुळले तर मोजलेलं खरं धरायचं. नाही जुळले तर मोजलेलं टाकून द्यायचं, आणि नवं उत्तर शोधायचं.

काम आधी. सही नंतर.

तिने हिशेब केला. बॅटरी तीन वर्षांची पावणेतीन वर्षं होत होती. फारसं काही जात नव्हतं.

जात होते ते चार मायक्रोसेकंद. कारण मग लॉक झालं असं म्हणायचं कधी? बघून झाल्यावर. आणि बघून होत होतं चौतिसाव्या मायक्रोसेकंदाला.

चाळीसवरून चौतीस. एवढ्यावर जगात कुणी टाळ्या वाजवत नाही.

ती वहीकडे बघत बसली. दुसरीही एक वाट होती. सर्किट हे नवं ठेवायचं आणि पेपरात मात्र चारच लिहायचं. उभं राहणं चारात होतंच की. लॉक कशाला म्हणायचं, ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो. नऊवाल्यांनी तरी काय धरलंय, कोणी पाहिलंय?

भंतेंचं जेवण बारा वाजायच्या आत व्हायचं. गावातल्या एका घरून डबा आला. ते जेवून उठले तेव्हा रेवती पडवीत उभी होती.

“भंते, दुरुस्त होतंय,” म्हणत तिने वही सतरंजीवर उघडी ठेवली.

भंतेंनी वाचलं. दोन पानं, सावकाश. एका ठिकाणी बोट ठेवलं. “इथे एक ठोका इकडे-तिकडे होईल.”

“हो. धरलाय तो.”

“बरं.”

“पण मग चौतीस होतात,” रेवती म्हणाली. “चार नाही म्हणता येणार.”

भंते ऐकत होते.

“पेपरचं शीर्षक बदलावं लागेल. कदाचित परतच घ्यावा लागेल. बुधवारचा कारखान्याचा दिवस गेला तर पुढचा दीड-दोन महिन्यांनी. साहेब काय म्हणतील...” ती थांबली. “आणि पेपरात चार लिहिलं, तर ते खोटंही नाही. शब्दाचा प्रश्न आहे फक्त. चार की चौतीस? तुम्ही सांगा.”

भंतेंनी वही मिटून सतरंजीवर ठेवली.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“आत डब्यात भाकरी उरली आहे. ठेचा आहे.”

रेवतीला वाटलं, सरांनी प्रश्न ऐकलाच नाही. मग वाटलं, ऐकला. ती आत गेली. सभागृहात पंख्याखाली ती कुरकुरणारी पोरगी भिंतीला टेकून झोपून गेली होती, लेकरू तिच्या मांडीवर. सिस्टर त्या लेकराचं अंग हाताने चाचपून बघत होत्या. मग त्यांनी कार्ड उचललं आणि सही केली.

रेवतीने भाकरी खाल्ली. ठेचा झणझणीत होता, डोळ्यांत पाणी आलं.

हात धुऊन ती बाहेर आली आणि तिने फोन लावला.

“शिवलकर, रेवती बोलतेय.”

“बोला, मॅडम.”

“चालू ठेवूनच तापवायचं, म्हणाला होतात तुम्ही.”

“हो, मॅडम. पण ते अटींत नाही ना आपल्या.”

“तुमचं बरोबर होतं. चिप चुकतेय. मी आत्ता बघितलं.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“मी तेव्हा ऐकायला हवं होतं, शिवलकर. सगळ्यांसमोर तुम्हाला गप्प केलं मी.”

“जाऊ द्या, मॅडम.” शिवलकरांनी घसा खाकरला. “आज शनिवार आहे, पण मी ऑफिसातच आहे. भट्टी चालू करू का?”

“करा,” रेवती म्हणाली. “पाचवरून पस्तीसवर न्या, बंद न करता. जे येईल ते सगळ्यांना पाठवा. साहेबांनाही. तुमच्या नावाने.”

निघताना ती भंतेंसमोर वाकली. “सुखी हो,” ते म्हणाले.

पुढे काय झालं, ते फार लांबवण्यासारखं नाही. बुधवार हुकला. साहेबांनी आवाज चढवला, मग शिवलकरांचे आकडे पाहिले, मग खाली बसले. पेपर रेवतीने परत घेतला आणि नव्याने लिहिला. त्या मोठ्या परिषदेत तो गेला नाही. दुसऱ्या एका छोट्या परिषदेत, दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात तो वाचला गेला. श्रोते मोजकेच होते. पेपरावर दोन नावं होती, दुसरं गजानन शिवलकर. जगात सगळ्यांत कमी वेळाचा मान नऊवाल्यांकडेच राहिला. रेवतीला काही दिवस ते टोचलं, नाही असं नाही. रात्री झोप लागायची, एवढं खरं.

चकत्या तयार व्हायला वर्ष गेलं. पहिल्या पन्नास चकत्या चाचणीसाठी द्यायच्या होत्या, त्यातल्या सहा तिने सावरखेड्याच्या उपकेंद्रासाठी मागून घेतल्या.

पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा विहारात आली, या खेपेला शिवलकरांना घेऊन. कावेरी सिस्टर नेमक्या तिथेच होत्या.

“अहो मॅडम, तुमची चकती लई भांडखोर निघाली,” सिस्टर म्हणाल्या. “मागच्या महिन्यात जीप नाक्यावर बंद पडली, दोन तास उन्हात. डबा माझ्या हातात यायच्या आत फोनवर आलं, तापलाय म्हणून. मी डबा तिथूनच परत पाठवला आणि बायकांना निरोप दिला, उद्या या. दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. एक नाही सुटली.”

शिवलकरांनी खिशातून वही काढली. “कोणत्या तारखेला, सिस्टर?” आणि ते दोघं तारखा, वेळा, डिग्र्या यांत गुंतून गेले.

रेवती पडवीत भंतेंजवळ बसली. भंते वर्षभरात थकले होते. बसताना त्यांनी खांबाला हात लावला.

पाऊस अजून आला नव्हता. खाली कुणीतरी ढेकळं फोडत होतं.

“भंते,” रेवती म्हणाली, “आता नवं काम घेतलंय. त्याच जातीचं, जरा मोठं. या वेळी काहीही केलं की सगळ्यांत आधी तुम्हालाच आणून दाखवणार.”

“मला कशाला?”

“तुमच्या लगेच लक्षात येतं. त्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या कामातली चूक तुम्हाला पाच मिनिटांत दिसली.”

भंतेंनी मान हलवली. नाही, अशी.

“त्या दिवशी मला काहीच कळलं नव्हतं,” ते म्हणाले. “म्हणून तर विचारलं.”